दहावी-बारावीच्या बोर्डाला पहिल्यांदा बसताना: गेटपासून पुरवणीच्या गाठीपर्यंत

बोर्डाच्या परीक्षेत गोत्यात येणारी मुलं दोन तऱ्हेची असतात. काही ठरवूनच कॉपी आणतात. त्यांना हा लेख काही शिकवणार नाही. काही मात्र वर्षभर इमानेइतबारे अभ्यास करतात आणि कंपासपेटीत विसरलेल्या एका चिटोऱ्यापायी भर पेपरात पकडली जातात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यातही १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसणाऱ्यांसाठी जास्त, कारण वर्गात उभं राहून सूचना वाचून दाखवणारं त्यांना कुणी नसतं.

एक फरक आधी समजून घ्या. सहामाहीला वहीचं पान बाकावर राहिलं, तर बाई म्हणतात, "ते बाहेर ठेवून ये." बोर्डाच्या पेपरला तेच पान ताब्यात घेतलं जातं आणि त्याची नोंद होते. समोरचे सर बहुधा दुसऱ्या शाळेचे असतात. तुम्ही वर्गात पहिले येता की शेवटचे, हे त्यांना ठाऊक नसतं आणि ठाऊक असून उपयोगही नसतो. त्यांना फक्त कागद दिसतो. त्यामुळे इथले बहुतेक नियम "मनात काय होतं" हे विचारत नाहीत, "जवळ काय होतं" एवढंच विचारतात.

कोण कोण असतं

वर्गाला इथे ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये साधारण २५ परीक्षार्थी असतात आणि त्यांच्यावर एक पर्यवेक्षक. सगळ्या केंद्राचा कारभार केंद्रसंचालकांकडे असतो. प्रश्नपत्रिका ज्यांच्या ताब्यात असतात ते परिरक्षक, म्हणजेच सगळे ज्यांना कस्टोडियन म्हणतात ते. बैठं पथक पेपरभर केंद्रावरच बसून असतं, तर भरारी पथक कधीही येतं आणि कुठल्याही बाकाशी थांबतं. तुमची कुठलीही अडचण आधी पर्यवेक्षकांकडे न्यायची. तिथे सुटली नाही तर त्यांनाच म्हणायचं, "केंद्रसंचालकांना बोलवता का?" असं म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे, तो उद्धटपणा होत नाही. स्वतः उठून ऑफिसकडे चालू लागणं मात्र गैरवर्तनात धरलं जाऊ शकतं.

हॉलतिकीट हातात पडल्या दिवशी

घरी नेऊन कपाटात ठेवण्याआधी शाळेतच उभ्या उभ्या वाचा. नाव, आईचं नाव, फोटो, सही, केंद्र, आसन क्रमांक आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विषयांपुढचे सांकेतांक. नावातली वेलांटी चुकली तर नंतरही धावपळ करता येते. विषयाचा सांकेतांक चुकला तर पेपरच दुसरा समोर येतो. दहावीला प्रथम भाषा इंग्रजीचा सांकेतांक ०३ आणि तृतीय भाषा इंग्रजीचा १७. दोन्हींच्या कृतिपत्रिका, म्हणजे भाषेच्या प्रश्नपत्रिका, वेगळ्या. संस्कृत संपूर्ण आणि संस्कृत संयुक्त हेही निरनिराळे पेपर आहेत, गुण वेगळे आणि वेळही वेगळा. बारावीला गणित कला-विज्ञानाचं असेल तर ४०, वाणिज्यचं असेल तर ८८.

फोटो सदोष असेल तर नवा फोटो चिकटवून त्यावर मुख्याध्यापकांचा शिक्का आणि सही घ्यायची. विषय किंवा माध्यम चुकलं असेल तर ते शाळेत खोडून दुरुस्त होत नाही. शाळेला विभागीय मंडळाकडे जावं लागतं. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण अशी राज्यात नऊ विभागीय मंडळं आहेत, आणि शाळेपासून मंडळाचं गाव दीड-दोनशे किलोमीटरवर असू शकतं. म्हणून ही चूक पहिल्याच दिवशी पकडायची. हॉलतिकिटाची छपाई करून द्यायला शाळेनं वेगळे पैसे घ्यायचे नसतात. ते हरवलं तर शाळा पुन्हा प्रिंट काढून त्यावर लाल शाईनं "द्वितीय प्रत" असा शेरा मारून देते. चालत्या परीक्षेत हरवलं, तरी पेपर चुकवू नका. केंद्रावर वेळेत पोचून केंद्रसंचालकांना सांगा आणि शाळेला फोन करायला लावा.

वेळापत्रक छापील, शाळेतून मिळालेलं तेवढंच खरं. व्हॉट्सअॅपवर फिरणारं वेळापत्रक मागच्या वर्षीचंही असू शकतं, आणि ते पाहून कुणी चुकीच्या दिवशी गेलं तर बोर्ड ऐकून घेत नाही.

आदल्या संध्याकाळी

केंद्र पाहून या. एकाच संस्थेच्या दोन इमारती, एकाच नावाची मुलांची नि मुलींची शाळा, मुख्य केंद्र आणि उपकेंद्र असले घोटाळे दरवर्षी होतात. जायला किती वेळ लागतो ते सकाळच्या गर्दीच्या हिशोबानं मोजा. संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावरून लागलेली वीस मिनिटं सकाळी चाळीस होतात.

मग घरी येऊन कंपासपेटी टेबलावर उपडी करा. हे काम आईकडे सोपवू नका, स्वतः करा. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सूत्रं छापलेली आहेत का? पट्टीच्या मागे? खोडरबराच्या कागदी कव्हरात? आठवीत बॉलपेननं खोडरबरावर लिहिलेलं sin-cos चं कोष्टक अजून वाचता येतं का? छापील असो की हातानं लिहिलेलं, पाहणाऱ्याच्या लेखी तो मजकूरच. झाकण खरवडण्यापेक्षा पारदर्शक पाउच वापरा. त्यात निळ्या किंवा काळ्या शाईची दोन-तीन चालू पेनं, पेन्सिल, शार्पनर, खोडरबर, पट्टी आणि भूमितीला लागणारी साधनं एवढंच असावं. लाल आणि हिरवी शाई नेऊच नका, ती तपासणाऱ्यांची. जेल पेन वापरणार असाल तर घरी एखाद्या पातळ कागदावर लिहून पाहा. मागच्या बाजूला उमटत असेल तर साधं बॉलपेन बरं.

पॅड नेत असाल तर कोरं, शक्यतो पारदर्शक. पुठ्ठ्याच्या जुन्या पॅडवर वर्षभरात काय काय खरडलेलं असतं, ते आपल्याला दिसेनासं झालेलं असतं. पथकाला मात्र पहिल्या नजरेत दिसतं.

बारावी विज्ञानवाल्यांनी इथे जरा थांबावं. ज्या पेपरला लॉगटेबल चालतं, तिथे तसं प्रश्नपत्रिकेवर छापलेलं असतं. कॅल्क्युलेटर चालत नाही. आता हे लॉगटेबल बरेचदा ताईचं किंवा शेजारच्या दादाचं असतं. त्याच्या मलपृष्ठाच्या आत कुणीतरी पेन्सिलीनं दोन सूत्रं लिहून ठेवलेली असतात आणि वर्षभर ती कुणाच्या लक्षातही येत नाहीत. प्रत्येक पान उलटून पाहा. खोडलेल्या पेन्सिलीचा ठसा उजेडात तिरपा धरला की वाचता येतो, म्हणून खोडून भागवू नका. लिहिलेलं सापडलं तर सरळ नवीन घ्या. ते फार महाग नसतं.

खिसे तपासा. शर्टाचा, पँटचा, स्वेटरचा. बसचं तिकीट, मेडिकलची चिठ्ठी, क्लासचं वेळापत्रक, सगळं बाहेर काढा. तळहातावर फोन नंबर लिहायची सवय असेल तर त्या महिन्यापुरती सोडा. पाण्याची बाटली पारदर्शक न्या आणि तिच्यावरचं छापील लेबल काढून टाका. मनगटी घड्याळ साधं, काट्यांचं असावं. स्मार्टवॉच, ब्लूटूथ, कॅल्क्युलेटरवालं डिजिटल घड्याळ यातलं काहीच नको. मोबाइल घरीच ठेवा. "स्विच ऑफ करून दप्तरात होता" हे उत्तर प्रत्येक मुलगा देतो, आणि ते कुणाच्याच कामी येत नाही.

गेटवर

पेपर सकाळी ११ चा असेल तर १०.३० ला, दुपारी ३ चा असेल तर २.३० ला दालनात हजर असायचं. गेटवर नव्हे, दालनात. मधे झडती, जिना, फळ्यावर लावलेला तक्ता आणि प्यायच्या पाण्याची रांग आहे, म्हणून केंद्रावर १० पर्यंतच पोचा. कालचा वर्ग आजचा असेलच असं नाही. विषय बदलला की बसण्याची व्यवस्थाही बदलते, म्हणून रोज तक्ता पाहायचा.

चुकून दुसऱ्याच केंद्रावर पोचलात तर रडत परत पळत सुटू नका. तिथल्या केंद्रसंचालकांना गाठून हॉलतिकीट दाखवा. ते तुमच्या केंद्राशी फोनवर बोलू शकतात. एकट्यानं रस्त्यावर धावण्यापेक्षा ते बरं.

झडतीला आढेवेढे घेऊ नका. मुलींची झडती महिला कर्मचारीच घेतात. तसं नसेल तर मुलीनं तिथेच सांगावं, तो तिचा हक्क आहे. सॅनिटरी पॅड, दम्याचा पंप, मधुमेहाची साखर किंवा इंजेक्शन जवळ ठेवायचं असेल तर ते दालनात शिरण्याआधी सांगा. मध्येच पिशवीत हात घातलात की पाहणाऱ्याला काय वाटायचं ते वाटणारच. बऱ्याच केंद्रांवर चपला-बूट बाहेर काढून ठेवावे लागतात, म्हणून फाटके मोजे नकोत.

पालकांसाठी एकच वाक्य: मूल आत गेलं की तुम्ही घरी जा. केंद्राच्या परिसरात घोळका करायला बंदी असते, आणि खिडकीखाली उभं राहिलेल्या काकांमुळे आतल्या मुलाकडे पथकाचं लक्ष जातं.

बाकावर बसल्यावर

बसण्याआधी बाक तपासा. वरची फळी, खालचा कप्पा, पायाखालची फरशी आणि बाजूची भिंत. वर्गातला बाक म्हणजे वर्षभराची वही असते. तिथे कुणी रासायनिक समीकरण कोरून ठेवलेलं असेल तर ते तुम्ही लिहिलं नाही, हे पेपर सुरू होण्यापूर्वीच सांगायला हवं. हात वर करा: "सर, बाकावर लिहिलेलं आहे." ते पुसून घेतील किंवा बाक बदलून देतील. अर्ध्या तासानं हेच सांगितलंत, तर त्याला सबबीचा वास येतो.

उत्तरपत्रिका प्रश्नपत्रिकेच्या आधी हातात येते. घाई न करता हे करा:

१. पानं मोजा, फाटलेली आहेत का पाहा. खराब असेल तर लगेच बदलून घ्या. लिहायला लागल्यावर बदलणं सगळ्यांनाच त्रासाचं.
२. आसन क्रमांक अंकात आणि अक्षरात, हॉलतिकीट समोर ठेवून लिहा. पाठ आहे म्हणून आठवणीनं लिहू नका. सुरुवातीचं इंग्रजी अक्षरही त्याचाच भाग आहे.
३. विषय, सांकेतांक, माध्यम, दिनांक भरा. पहिल्या पानावर सांगितलं असेल तेवढंच.
४. बारकोडचं स्टिकर पर्यवेक्षकांबरोबर ताडून पाहा आणि ठरलेल्या चौकटीतच सरळ चिकटवा. त्यावर पेन फिरवला किंवा ते चुरगळलं तर यंत्राला वाचता येत नाही.
५. हजेरीपत्रकावर सही करताना आपल्याच नावापुढे करतोय ना, हे बोट ठेवून पाहा.

आसन क्रमांक चुकला तर गिरवू नका. तीनचा आठ केलेला क्रमांक कुणालाच धड वाचता येत नाही. एक आडवी रेघ मारा, शेजारी स्वच्छ लिहा आणि पर्यवेक्षकांना दाखवून त्यांची सही घ्या.

बारकोड आणि होलोक्राफ्ट स्टिकर (आसन क्रमांक झाकणारं) यांची सगळी व्यवस्था एकाच कारणासाठी आहे: तपासणाऱ्याला उत्तरपत्रिका कुणाची ते कळू नये. म्हणून ओळख पटेल असं काहीही आत येता कामा नये. स्वतःचं नाव, शाळेचं नाव, फोन नंबर नको. पहिल्या पानावर "श्री", "ॐ", "७८६" लिहायची सवय बऱ्याच घरांत असते. मनात म्हणा, कागदावर नको. पत्रलेखनात प्रश्नात दिलेलंच नाव-पत्ता वापरा, नसेल तर "अ. ब. क." पुरतं. शेवटच्या पानावर "सर, कृपया पास करा, घरची परिस्थिती बेताची आहे" असं लिहिणं, नोट जोडणं, धमकी देणं हे सगळं गैरप्रकारात मोडतं. दया वाटून गुण वाढत नाहीत. उलट ती उत्तरपत्रिका वेगळी काढून पुढे पाठवावी लागते.

प्रश्नपत्रिका मिळाल्यावर

पाकीट दालनातच, दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन फोडलं जातं. सही करायला तुम्हाला बोलावलं तर नुसती सही ठोकू नका. पाकीट सीलबंद आहे ना, त्यावरचा विषय आणि दिनांक आजचाच आहे ना, हे पाहूनच करा. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते सगळ्या ब्लॉकसाठी आहे.

वाटप ११ ला होतं. पूर्वी वाचनासाठी दहा मिनिटं आधी प्रश्नपत्रिका मिळायची. २०२३ च्या परीक्षेपासून ती पद्धत बंद झाली आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडली गेली. म्हणजे तीन तासांचा पेपर २.१० ला संपतो आणि दहावीचा गणित किंवा विज्ञानाचा दोन तासांचा पेपर १.१० ला. वाचनाचा वेळ आता तुमच्याच वेळेतून जातो, पण तो वाचवू नका.

सगळ्यात आधी उजव्या कोपऱ्यातला सांकेतांक आणि माध्यम हॉलतिकिटाशी जुळवा. प्रथम भाषेच्या मुलाला तृतीय भाषेची कृतिपत्रिका मिळाली, तर पहिल्या मिनिटाला सांगितल्यास दुसरी मिळते. पाऊण तास लिहून झाल्यावर सांगितलंत तर तो वेळ परत मिळेल याची खात्री नाही. मग पानं मोजा. एखादं पान कोरं छापलं गेलेलं किंवा दोनदा आलेलं असतं.

प्रश्नपत्रिकेवर आसन क्रमांकाखेरीज काहीही लिहायचं नाही. खूण नाही, अधोरेखन नाही, बेरीज-वजाबाकी तर नाहीच. मुलं इथे सर्रास चुकतात, कारण क्लासच्या सराव परीक्षेत पर्यायाला गोल करायची सवय लागलेली असते. गोल केलेली प्रश्नपत्रिका शेजाऱ्याला दिसली की ती दाखवली असा अर्थ निघतो. कच्चं काम उत्तरपत्रिकेतच, शेवटच्या पानावर "कच्चे काम" असं लिहून करा आणि उठण्यापूर्वी त्यावर एक तिरपी रेघ मारा.

आणि सूचना वाचा. दरवर्षी त्याच असतात म्हणून कुणी वाचत नाही, आणि गुण तिथेच जातात. बहुपर्यायी प्रश्नांना पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच ग्राह्य धरलं जातं. म्हणजे पान दोनवर (ब) लिहिलं आणि शेवटी आठवल्यावर पान बारावर (क) लिहिलं, तर (ब) च तपासलं जाईल. ठरेपर्यंत लिहू नका; जागा सोडून पुढे जा. बारावीच्या विज्ञानाच्या पेपरला पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं असतं, नुसतं अक्षर पुरत नाही. प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करायची सूचना असेल तर ती पाळा. भूगोलाला पुरवलेल्या नकाशाच्या आराखड्यावरच काम करून तो मुख्य उत्तरपत्रिकेला जोडायचा; रंगीत पेन्सिली तिथे चालतात.

लिहिताना

काही हवं असेल तर हात वर करा आणि थांबा. शेजाऱ्याला हळूच "पट्टी दे" म्हटलं तरी दोन डोकी जवळ येतात, आणि दुरून पाहणाऱ्याला पट्टी दिसत नाही, डोकी दिसतात. पेन, खोडरबर, लॉगटेबल यांची देवघेव करायची नाही. अगदीच नाइलाज असेल तर पर्यवेक्षकांच्या हातून. लिहून झालेली पुरवणी बाकाच्या कडेला पसरून ठेवू नका, तिच्यावर पॅड ठेवा. मागच्यानं पाहिलं तर "पाहू दिलं" म्हणून तुम्हीही अडकता. ज्याला मदत केली त्याच्याइतकाच मदत करणाराही दोषी धरला जातो, आणि मैत्री हा बचाव नाही.

चिठ्ठीचं काय करायचं, हे नीट वाचा. खिडकीतून गोळा येतो आणि तुमच्या पायाशी पडतो. तुमच्यासाठी नसतो, मागच्या बाकासाठी असतो. आता पायानं सरकवला तर सरकवताना दिसता. उचलून फेकायला गेलात तर तो हातात सापडतो. उघडून पाहिलात तर संपलंच. म्हणून पाय उचला, दोन्ही हात बाकावर ठेवा आणि ब्लॉकभर ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणा, "सर, इथे कागद पडलाय." कुणाचा, कुठून आला, याचा अंदाज सांगत बसू नका. हे सांगणं म्हणजे चुगली नाही. मागचा चिडेल, बाहेर भेटल्यावर बोलेलही. तरी तुमच्या पायाखाली कागद सापडण्यापेक्षा ते परवडलं.

लघवीला जायचं असेल तर सांगून, एकट्यानं, नेमून दिलेल्या माणसाबरोबर. उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका बाकावर नाही, पर्यवेक्षकांकडे. संडासाच्या खिडकीत किंवा टाकीमागे कागद दिसले तर हात लावू नका. परत आल्यावर पुन्हा झडती होऊ शकते.

उत्तरपत्रिकेचं पान फाडायचं नाही, कितीही घाण झालं तरी. चुकलेल्या उत्तरावर एकच तिरपी रेघ पुरते. पुरवणी मागताना आधीची भरत आली की मागा. दोन-दोन आधीच घेऊन ठेवू नका. प्रत्येक पुरवणीवर मागितलेला तपशील हातात पडताच भरा, नंतरसाठी ठेवू नका.

शेवटच्या दहा मिनिटांची घंटा झाली की लिहिणं थांबवून बांधाबांध करा. मुख्य उत्तरपत्रिका, तिच्यामागे पुरवण्या क्रमानं, मग आलेख, नकाशा. दोरा भोकातून ओवून गाठ मारायची ती इतकी सैल की पान पूर्ण उलटता यावं, आणि इतकी पक्की की धरून हलवलं तर सुटू नये. करकचून आवळली तर तपासताना पान भोकापाशी फाटतं. पुरवण्यांची संख्या पहिल्या पानावर लिहिली का, ते पाहा. तीन जोडल्या आणि दोन लिहिल्या तर हरवलेल्या पुरवणीचा शोध घेणंही अवघड होतं. नकाशा जोडायचा विसरून खिशात घालून घरी आणणारं एखादं मूल दरवर्षी असतंच. गाठ मारून वेळ उरला तर पुन्हा लिहा. बांधलेल्या उत्तरपत्रिकेतही लिहिता येतं.

वेळ संपली की पेन खाली. पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका हातात घेतल्याखेरीज जागा सोडू नका. बाकावर ठेवून निघून गेलात आणि ती वाऱ्यानं उडाली, तर तुम्ही दिली होती याला पुरावा राहत नाही.

लेखनिक आणि प्रात्यक्षिक

दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला वीस मिनिटं जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक मिळतो, पण त्याची मंजुरी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून आधीच घ्यावी लागते. मंजुरीचं पत्र रोज जवळ ठेवा. रोज पर्यवेक्षक वेगळे असतात. लेखनिकानं सांगितलं तेवढंच लिहायचं, उत्तर सुचवायचं नाही.

प्रात्यक्षिकाला प्रमाणित जर्नल लागतं. दुसऱ्याचं जर्नल आपलं म्हणून दाखवणं हाही गैरप्रकारच. आजारपणामुळे प्रात्यक्षिक बुडालं तर शाळेला लगेच कळवा. अशांसाठी "आउट ऑफ टर्न" परीक्षा असते, पण ती आपोआप मिळत नाही.

पथकानं धरलंच तर

पेपरफुटीचा मेसेज मोबाइलवर आला, तर तो पुढे ढकलू नका. विकत देणारे बहुधा भामटे असतात, आणि खरा असेल तर प्रकरण आणखी वाईट. परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ चा स्वतंत्र अधिनियम आहे. दुसऱ्याच्या नावानं पेपरला बसणं, पेपर फोडणं यांसारख्या गोष्टींत पोलिसांत गुन्हा नोंदवला जातो.

दालनात पकडलं गेल्यावर काय होतं, ते माहीत असलं की घाबरून होणाऱ्या चुका टळतात. सापडलेला कागद आणि उत्तरपत्रिका ताब्यात घेतात, केंद्रसंचालक येतात, तुमचा लेखी जबाब घेतला जातो. त्या वेळी कागद गिळणं, फाडणं, पळणं, हुज्जत घालणं किंवा पर्यवेक्षकांचा हात धरणं यातलं काहीही केलंत, तर एकाचे दोन आरोप होतात. बोर्डाच्या शिक्षासूचीत प्रत्येक प्रकाराला वेगळी शिक्षा आहे. साधा कागद जवळ सापडणं आणि तो सापडल्यावर मारामारी करणं यांची शिक्षा एक नसते. त्या परीक्षेची संपादणूक, म्हणजे मिळवलेले गुण, रद्द होण्यापासून पुढच्या परीक्षांना बसण्यास मनाईपर्यंत ती वाढत जाते.

जबाब स्वतःच्या शब्दांत, थोडक्यात आणि खरा लिहा. कुणी मजकूर सांगून लिहायला लावत असेल तर जे घडलं नाही ते लिहू नका. कागद तुमचा नसेल तर "माझा नाही, कुठून आला माहीत नाही" एवढंच लिहा. तुमचा असेल तर तसं लिहा. खोटा जबाब अक्षरावरून उघडा पडतो. वाचल्याशिवाय सही करू नका. त्याच दिवशी घरी आणि शाळेत सांगा, मुख्याध्यापकांना दोन दिवसांनी वर्तमानपत्रातून कळू देऊ नका. पुढचा पेपर कधी आहे आणि त्याला बसायचं का, हे केंद्रसंचालकांनाच स्पष्ट विचारा. मित्रांच्या सांगण्यावरून घरी बसून राहू नका.

प्रकरण विभागीय मंडळाकडे जातं, निकाल राखीव राहतो आणि सुनावणीचं पत्र शाळेच्या पत्त्यावर येतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतही दर आठवड्याला शाळेत चौकशी करा. सुनावणीला पालकांसह, दिलेल्या तारखेलाच जा. हॉलतिकीट आणि त्या दिवसाच्या घडामोडींचं स्वतः लिहून ठेवलेलं टिपण बरोबर असू द्या. ते टिपण पेपरच्या दिवशी संध्याकाळीच लिहा: कितव्या बाकावर होतो, किती वाजले होते, कागद कुठे पडला होता, आधी कोण आलं, काय विचारलं. सुनावणीत प्रश्न यांचेच असतात, आणि महिनाभरानं "साधारण बारा वाजता" की "घंटेनंतर" हे आठवत नाही.